तळ्याचा श्वास आणि यंत्राचा पहारा

शेतातील उभे पीक एखादी रात्र दुर्लक्षित राहिले, तरी सकाळी ते जागच्या जागी उभे असते. गोठा, कुक्कुटगृह आणि मत्स्यतळे यांच्या बाबतीत निसर्गाने ही सवलत दिलेली नाही. तेथील धन सजीव असते, ते श्वास घेते, आणि त्याच्यावर संकट येते ते बहुधा मालक गाढ झोपेत असताना. मोठ्या प्रकल्पांना पाळीपाळीने माणसे ठेवणे परवडते. एक-दोन एकरांचे तळे, पाच हजार पक्ष्यांची शेड किंवा आठ-दहा जनावरांचा गोठा सांभाळणाऱ्या कुटुंबाला ते शक्य नसते. त्यामुळेच गेल्या काही वर्षांत लहान व्यावसायिकांकडून स्वयंचलित देखरेख व नियंत्रण यंत्रणेसाठी कर्जाचे प्रस्ताव येऊ लागले आहेत. ही यंत्रणा नेमके काय करते, कोठे उपयोगी पडते, कोठे दगा देते आणि तिचा हिशेब कसा मांडावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तळ्यात रात्री काय घडते?

आपण ज्या हवेत वावरतो तिच्या एका लिटरमध्ये सुमारे २७० ते २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये मात्र तो संपृक्त अवस्थेतही केवळ साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. पाणी जितके उष्ण आणि खारट, तितके हे प्रमाण आणखी कमी. म्हणजेच मासा किंवा कोळंबी यांच्या हाती मुळातच फार थोडी शिल्लक असते. बँकेच्या भाषेत सांगावयाचे, तर हे अत्यल्प शिलकीचे खाते आहे.

या खात्यात दिवसा जमा होते आणि रात्री खर्च होतो. सूर्यप्रकाशात पाण्यातील सूक्ष्म शेवाळ प्रकाशसंश्लेषण करते व प्राणवायू सोडते. सूर्यास्तानंतर ही जमा थांबते. मासे, तळाच्या गाळातील जिवाणू आणि स्वतः शेवाळदेखील रात्रभर प्राणवायू वापरत राहतात. साहजिकच सूर्योदयापूर्वीच्या तास-दोन तासांत शिल्लक सर्वांत कमी असते. दिवसभर आभाळ भरलेले असेल, तर संध्याकाळची आरंभीची शिल्लकच अपुरी राहते. शेवाळ एकाएकी मेले, तर जमेची बाजूच नाहीशी होते आणि कुजण्याच्या क्रियेमुळे खर्च वाढतो.

रोहू, कटला यांसारख्या माशांना पाच मिलिग्रॅम व त्याहून अधिक प्राणवायू मानवतो. तीनच्या खाली ते ताणाखाली येतात, चारा टाकतात व रोगाला बळी पडतात. प्रमाण एकच्या आसपास काही तास राहिले, तर मृत्यू अटळ होतो. आंध्र प्रदेशाच्या किनारपट्टीवर २००९ नंतर झपाट्याने पसरलेल्या वनामी जातीच्या कोळंबीसाठीही चार मिलिग्रॅमच्या वर राहणे श्रेयस्कर मानले जाते. या तळ्यांत पाणी उसळून हवा मिसळणारी चक्राकार एअरेटर यंत्रे बसवितात. ढोबळ मानाने एक अश्वशक्तीचे एअरेटर ४०० ते ५०० किलो कोळंबीचा भार पेलते, असे समजले जाते.

येथे एक साधा अभ्यास वाचकांना करून पाहता येईल. रात्रीच्या वेळी प्राणवायू बहुधा सारख्याच गतीने घटतो. समजा, एअरेटर बंद असताना सायंकाळी ७ वाजता मापकाने ८ मिलिग्रॅम दाखविले आणि रात्री १० वाजता साडेसहा. तीन तासांत दीड, म्हणजे ताशी अर्धा मिलिग्रॅम घट झाली. याच गतीने १० पासून पुढे पाच तासांनी, म्हणजे पहाटे ३ वाजता, पातळी ४ वर येईल आणि ५ वाजता ती ३ असेल. याचा अर्थ एअरेटर ३ च्या आधी सुरू झालेच पाहिजे. ज्याच्याकडे स्वयंचलित यंत्रणा नाही, त्यालाही एक हातमापक, एक वही आणि दोन नोंदी यांच्या आधारे रात्रीचा अंदाज बांधता येतो. स्वयंचलित यंत्रणा हेच काम दर काही मिनिटांनी, न थकता करते.

पहाऱ्याची तीन अंगे

कोणत्याही स्वयंचलित नियंत्रण यंत्रणेची तीन अंगे असतात. पहिले अंग संवेदक. तो पाण्यातील प्राणवायू, शेडमधील तापमान किंवा हवेतील आर्द्रता मोजतो. दुसरे अंग नियंत्रक. तो आलेला आकडा ठरवून दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहतो व आज्ञा देतो. तिसरे अंग प्रत्यक्ष काम करणारे यंत्र, म्हणजे एअरेटर, पंखा, फवारा किंवा हीटर. घरातील शीतकपाटात हीच तीन अंगे गुण्यागोविंदाने नांदत असतात.

मर्यादा ठरविताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'चारच्या खाली सुरू, चारच्या वर बंद' अशी एकच रेषा आखली, तर पातळी चारच्या आसपास घोटाळताना मोटार सतत सुरू-बंद होत राहते व अखेर जळते. म्हणून दोन रेषा असाव्यात. उदाहरणार्थ, पातळी ४ वर येताच एअरेटर सुरू व्हावे आणि साडेपाचपर्यंत चढल्यावरच बंद व्हावे. मधल्या अंतरात यंत्राने आहे ती स्थिती कायम ठेवावी. विक्रेत्याला हा प्रश्न अवश्य विचारावा. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून यंत्र घेण्याची घाई करू नये.

शेड आणि गोठा

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. उन्हाळ्यात ती चोच उघडून धापा टाकते आणि श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर टाकून शरीर थंड ठेवते. हवा दमट असेल, तर हा उपायही लंगडा पडतो. म्हणून केवळ तापमान पाहून फवारे सुरू करणारी यंत्रणा पावसाळ्यापूर्वीच्या दमट दिवसांत उपकाराऐवजी अपकार करू शकते. तिने तापमान व आर्द्रता दोन्ही पाहिली पाहिजेत. पिलांच्या बाबतीत प्रश्न उलटा असतो. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३३ अंशांची ऊब लागते आणि पुढे ती दर आठवड्यास साधारण ३ अंशांनी उतरवीत न्यावी लागते. अनुभवी कुक्कुटपालक हे पिलांच्या बसण्यावरून ओळखतो: ती दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, दिव्यापासून दूर पांगली तर उष्णता. संवेदकाने ही नजर बदलून टाकावी, असे नव्हे. रात्री दोन वाजता जेव्हा नजर मिटलेली असते, तेव्हा तिची जागा चालवावी.

अमोनियाच्या बाबतीत तर माणसाची इंद्रिये फसतात. शेडमध्ये सतत वावरणाऱ्याच्या नाकाला त्या वासाची सवय होते. हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांहून अधिक अमोनिया पक्ष्यांच्या डोळ्यांना व श्वसनमार्गाला अपायकारक ठरतो, परंतु मालकाला 'वास नेहमीचाच' वाटत असतो. यंत्राला सवय होत नाही, हा त्याचा मोठा गुण होय.

गोठ्यातील लाभ निराळ्या स्वरूपाचा आहे. गाई-म्हशींचे माजाचे चक्र सुमारे २१ दिवसांचे असते आणि माज टिकतो तो काही तासच. म्हशींमध्ये मुका माज ही नित्याची डोकेदुखी आहे. जनावराच्या पायाला किंवा गळ्याला बांधलेला चलनमापक त्याची हालचाल मोजतो. माजावर आलेल्या जनावराची हालचाल वाढते व मालकाला भ्रमणध्वनीवर सूचना मिळते. एक माज हुकला की भाकड काळ २१ दिवसांनी लांबतो. दिवसाचा चारा व निगा यांचा खर्च २०० रुपये धरला, तरी एका हुकलेल्या माजाची किंमत ४,२०० रुपये होते. चलनमापक घ्यावा की नाही, हे या आकड्यावरून ठरवावे.

आपल्या देशातील लहान पशुपालकाला मापनयंत्र नवीन नाही. गुजरातमधील सहकारी दूध संस्थांमध्ये १९९० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, स्निग्धांशमापक आणि संगणक यांची सांगड घातली गेली. दूध घालणाऱ्या बाईच्या हातात तिच्या दुधाचे वजन, स्निग्धांश आणि रक्कम यांची छापील चिठ्ठी पडू लागली. तिने यंत्रावर विश्वास ठेवला, कारण आकडा तिच्या डोळ्यांसमोर उमटत होता. हाच निकष येथेही लावावा: ज्या यंत्राचा आकडा मालकाला स्वतः पडताळून पाहता येतो, तेच यंत्र विश्वासार्ह.

यंत्र केव्हा खोटे बोलते?

पाण्यात बुडालेल्या संवेदकावर काही दिवसांतच शेवाळाचा व चिकट जिवाणूंचा थर चढतो. असा संवेदक तळ्याचा नव्हे, तर स्वतःवरील थरातील प्राणवायू सांगतो. जुन्या पद्धतीच्या संवेदकातील पातळ पडदा व द्रावण ठरावीक काळाने बदलावे लागते. प्रकाशाधारित नव्या संवेदकांना ही कटकट कमी असते, किंमत मात्र अधिक असते. कोणताही असला, तरी आठवड्यातून किमान एकदा तो मऊ फडक्याने पुसावा. पडताळणीही सोपी आहे: संवेदक स्वच्छ करून ओल्या फडक्यात सैलसर गुंडाळावा आणि सावलीत हवेत धरावा, त्याने शंभर टक्क्यांच्या जवळपास संपृक्तता दाखविली पाहिजे.

दुसरी चूक जागेची. एअरेटरच्या शेजारी, पृष्ठभागालगत टांगलेला संवेदक नेहमीच शुभवर्तमान देतो. कोळंबी मात्र तळाशी राहते, आणि तळ्याचा दूरचा कोपरा गुदमरत असतो. संवेदक तळाच्या जवळ, परंतु गाळात न रुतता आणि एअरेटरपासून अंतरावर असावा.

तिसरी मर्यादा अशी की, यंत्र जे मोजते तेवढेच त्याला दिसते. प्राणवायू ठीक असूनही अमोनिया घातक ठरू शकतो. पाण्यातील एकूण अमोनियापैकी जो अंश विषारी रूपात असतो, तो सामू व तापमान यांवर अवलंबून असतो. २८ अंश तापमानाला सामू ७ असताना हा अंश एक टक्क्याहूनही कमी असतो, ८ असताना साडेसहा टक्क्यांच्या आसपास आणि ९ असताना तो ४० टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे तेच पाणी, तोच अमोनिया, पण केवळ दुपारी सामू चढल्यामुळे धोका कैक पटींनी वाढतो. अशा वेळी साधी सामूची पट्टीदेखील महागड्या यंत्राला पूरक ठरते.

वीज गेली तर?

येथे एक स्वानुभव सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात, भीमावरमपासून फार दूर नसलेल्या एका शाखेत माझी नेमणूक होती. एका कोळंबी उत्पादकाने यंत्रणेसाठी प्रस्ताव दिला. त्यात संवेदक व नियंत्रक होते, नियंत्रकासाठी बॅटरी होती आणि डिझेल जनरेटरही होता. छाननी माझ्याकडे होती. परिसरातील वीजपुरवठा बरा आहे, गरज पडल्यास जनरेटर भाड्याने मिळतो, अशी टिप्पणी लिहून मी शेवटच्या दोन बाबी वगळल्या. रक्कम सुमारे दोन लाखांनी कमी झाली. प्रस्ताव नेटका दिसू लागला आणि मला त्याचे समाधानही वाटले.

पिकाच्या तिसऱ्या महिन्यात एका वादळी रात्री वीज गेली. एअरेटर थांबले. त्याच क्षणी नियंत्रकही बंद पडला आणि संदेश पाठविणारे उपकरणही. भ्रमणध्वनी उशाशी होता. तो शांत राहिला. यंत्रणा येण्यापूर्वी हा गृहस्थ रात्री दोनदा उठून तळ्यावर फेरी मारीत असे. यंत्र आल्यापासून तो निर्धास्त झोपू लागला होता. पहाटे साडेचारला जाग आली, तेव्हा कोळंबी काठाशी येऊन पाण्याच्या पृष्ठभागावर धडपडत होती. शेजाऱ्याचा जनरेटर ओढून आणेपर्यंत उजाडले. निम्म्याहून अधिक पीक गेले आणि उरलेले त्याच दिवशी पडेल भावाने विकावे लागले. नुकसान वगळलेल्या रकमेच्या दुपटीहून अधिक होते.

मी भेटीस गेलो, तेव्हा तो माझ्यावर रागावला नाही. एवढेच म्हणाला, "सार, यंत्राने मला उठवले नाही, कारण ते स्वतःच झोपले होते." पुढील दोन पिकांतून त्याने कर्जाचे हप्ते मार्गी लावले, जनरेटरही घेतला. माझ्या टिप्पणीतील ते वाक्य मात्र मी विसरलेलो नाही. जी घटना तळ्याचा श्वास रोखते, तीच पहारेकऱ्यालाही निजवते, हे छाननीच्या वेळी माझ्या लक्षात यावयास हवे होते.

या अनुभवातून निघणारे धडे पुढीलप्रमाणे:

१. शांतता म्हणजे सुरक्षितता नव्हे. यंत्रणेने ठरावीक अंतराने 'सर्व ठीक' असा संदेश पाठवावा आणि तो न आल्यास भ्रमणध्वनीनेच गजर करावा, अशी रचना असावी.

२. वीज जाताच वाजणारा, बॅटरीवर चालणारा स्वतंत्र भोंगा असावा. तो स्वस्त असतो आणि त्याला ना संगणक लागतो, ना जाळे.

३. संवेदक बिघडला किंवा तार तुटली, तर एअरेटर बंद न होता सुरूच राहिले पाहिजे. शंका आली की श्वासाच्या बाजूने निर्णय, हा नियम यंत्रात घातलेला असावा.

४. जनरेटर आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष भार देऊन पंधरा मिनिटे चालवावा. न चालविलेला जनरेटर म्हणजे कागदावरचे तारण.

५. सर्व यंत्रे हाताने सुरू करता येतील असा स्वतंत्र खटका असावा आणि तो घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस ठाऊक असावा.

हिशेब कसा मांडावा?

पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून गृहीत धरले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. एक तळे, वर्षातून दोन पिके, प्रत्येक पिकाचे मूल्य १० लाख रुपये. दोन अश्वशक्तीची चार एअरेटर मिळून सुमारे ६ किलोवॉटचा भार. संवेदक-नियंत्रक ६०,००० रुपयांचा, आयुष्य ४ वर्षे, वार्षिक देखभाल ८,००० रुपये. म्हणजे वर्षाला २३,००० आणि पिकामागे ११,५०० रुपये. जनरेटर व बॅटरी २ लाखांची, आयुष्य १० वर्षे, डिझेल व देखभाल वर्षाला ६,००० रुपये; म्हणजे वर्षाला २६,००० आणि पिकामागे १३,००० रुपये.

आता लाभ. गरजेपुरतेच एअरेटर चालल्याने रात्री तीन तास वाचले, तर १८ युनिट वाचतील. १०० रात्रींचे १,८०० युनिट, ४ रुपये दराने ७,२०० रुपये. केवळ वीजबचतीवर यंत्राची किंमत भरून निघत नाही, हे येथेच स्पष्ट होते. विक्रेते मात्र बहुधा याच मुद्द्यावर भर देतात.

खरा लाभ टळलेल्या हानीत आहे. दहा पिकांत एकदा अशी रात्र येते व अर्धे पीक जाते असे धरल्यास, पिकामागे सरासरी हानी ५०,००० रुपये होते. पूरक वीजव्यवस्थेविना यंत्रणेने तिचा एक चतुर्थांश टाळला, तर लाभ १२,५०० अधिक ७,२००, म्हणजे १९,७०० रुपये. खर्च ११,५०० वजा जाता ८,२०० रुपये उरतात. जनरेटर-बॅटरीसह चार पंचमांश हानी टळली, तर लाभ ४७,२०० रुपये, एकूण खर्च २४,५०० रुपये आणि शिल्लक २२,७०० रुपये. मी वगळलेल्या दोन बाबींनीच यंत्रणेला अर्थ प्राप्त होत होता, हे या साध्या गणिताने दाखविले असते.

अशी रात्र वीस पिकांत एकदाच येत असेल, तर पूरक व्यवस्थेसह शिल्लक २,७०० रुपयांवर आणि तिच्याविना १,९५० रुपयांवर येते. तेव्हा शेजारच्या दोन-तीन तळेधारकांनी मिळून एक जनरेटर घेणे शहाणपणाचे. तथापि सरासरीने सर्व काही कळत नाही. वीस तळ्यांच्या मालकासाठी एका तळ्याची हानी ही सरासरीतील एक नोंद असते; एका तळ्याच्या मालकासाठी ती मुलीचे शिक्षण आणि कर्जाचा हप्ता यांपैकी एकाची निवड असते.

कर्जप्रस्तावापूर्वी

यंत्रसामग्री ही स्थिर भांडवलाची बाब असल्याने तिच्यासाठी मुदत कर्ज योग्य. परतफेडीची मुदत यंत्राच्या उपयुक्त आयुष्याहून मोठी नसावी. चार वर्षे टिकणाऱ्या संवेदकाचे हप्ते सातव्या वर्षी भरण्याची वेळ कोणावरही येऊ नये. बीज, खाद्य, वीज, तसेच संवेदकाची देखभाल हा खर्च खेळत्या भांडवलात मोडतो. २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सुविधा पशुपालक व मत्स्यपालकांपर्यंत नेण्याची घोषणा झाली आणि या खेळत्या भांडवलासाठी एक सोयीचा मार्ग खुला झाला. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत लाभार्थीप्रधान घटकांसाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्याची तरतूद करण्यात आली. योजनांच्या मुदती व अटी बदलत असल्याने अर्जापूर्वी शाखेत व जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात खात्री करून घ्यावी.

माझ्या सहकारी अधिकारी बंधुभगिनींना एक विनंती. प्रस्तावातील एखादी बाब वगळताना 'ही नसेल तर चालेल का?' एवढेच न विचारता, 'ज्या रात्री सर्व काही बिघडेल, त्या रात्री ही नसेल तर काय होईल?' असे विचारावे. ग्राहकांनाही सांगावेसे वाटते की, यंत्र बसविल्यावर निदान पहिल्या पिकापुरती तरी रात्रीची फेरी सोडू नये. यंत्राचा आकडा आणि डोळ्यांना दिसणारे तळे यांचा मेळ बसतो की नाही, हे त्या काळात कळते. तळ्यावर जाताना सोबत वही असावी, आणि जनरेटरच्या टाकीत डिझेल आहे ना, हेही येता-जाता पाहावे.